साबण विष उचलतो, पण मोडतो कोण?

फवारणीचे दिवस आले की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. यंदाही बचत गटाच्या बायकांनी तोच विचारला: "फवारणीचे कपडे दोनदा साबणाने धुतले, मग विष गेलं ना?" उत्तर दोन तुकड्यांत द्यावं लागेल. कपड्यांतून बरंचसं गेलं. पण ते संपलं नाही, धुण्याच्या पाण्यात गेलं. साबण विष उचलतो, मोडत नाही. मोडायला वेगळं काहीतरी लागतं, आणि साबणाच्या पाण्यात वीज सोडून ते मोडता येतं का, याचा काही शास्त्रज्ञांनी पुष्कळ अभ्यास केला आहे. त्याची गोष्ट आज सांगायची आहे. सुरुवात मात्र आपल्या हातातल्या वडीपासूनच करू.

साबणाचा एक कण म्हणजे डोकं आणि शेपटी. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला तेल. पाण्यात थोडा साबण असला की हे कण सुटे फिरतात. साबण वाढवत नेला की एका ठरावीक प्रमाणानंतर ते घोळका करतात. शेपट्या आत, डोकी बाहेर. बैलपोळ्याला बैल आत आणि माणसं भोवती, तसं म्हणा हवं तर. या घोळक्याला शास्त्रात मायसेल म्हणतात, आपण त्याला साबणगोळी म्हणू. टूथपेस्टमध्ये सोडियम लॉरिल सल्फेट नावाचं फेसाचं द्रव्य असतं. ते लिटरभर पाण्यात साधारण सव्वादोन ग्रॅमच्या वर गेलं की त्याच्या गोळ्या बनू लागतात, आणि एका गोळीत साठेक कण असतात. गोळी इतकी बारीक की केसाच्या जाडीत अशा दहा-पंधरा हजार गोळ्या ओळीने बसतील.

गोळीच्या आतला भाग तेलकट, म्हणून भांड्याचा तेलकटपणा तिच्या पोटात शिरतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. आपला रिठा आणि शिकेकाईसुद्धा हेच करतात.

ज्या गटांत भांड्यांचं लिक्विड बनवतात, त्यांनी या गोळ्यांचा खेळ डोळ्यांनी पाहिला आहे. एसएलईएस पाण्यात विरघळवलं की पातळच राहतं. मग थोडं थोडं मीठ टाकून ढवळलं की लिक्विड घट्ट होतं. मीठ काही मैद्यासारखं घट्ट नसतं, मग हे होतं कसं? साबणगोळीच्या सगळ्या डोक्यांवर वजा विद्युतभार असतो, म्हणून ती एकमेकांना ढकलतात. मिठातलं सोडियम मध्ये आलं की ढकलाढकल कमी होते, डोकी जवळ बसतात आणि गोल गोळीची लांबट शेवई होते. अशा असंख्य शेवया एकमेकींत गुंतल्या की लिक्विड घट्ट. मीठ जास्त पडलं तर शेवयांना फाटे फुटतात, वीण सैल होते आणि लिक्विड परत पातळ. मग "मीठ वाया गेलं" म्हणून हळहळ होते! म्हणजे विजेचा भार आपल्या बादलीत रोज काम करतोच आहे, आपण त्याला त्या नावाने ओळखत नाही इतकंच.

पांढरं फिनाईल बनवताना आणखी एक गोष्ट दिसते. पाइन तेलाचं कंपाउंड तांबूस आणि नितळ असतं. पाण्यात ओतलं की दूध! तेलाचे थेंब पाण्यात पसरतात, उजेड त्यांच्यावर आपटून विखुरतो म्हणून पांढरं दिसतं. याला इमल्शन म्हणतात. फवारणीच्या ज्या डब्यावर "ईसी" लिहिलेलं असतं, तोही याच जातीचा. तेलात विरघळवलेलं विष आणि सोबत साबणासारखं द्रव्य. पंपात टाकलं की पाणी दुधाळ होतं. म्हणजे पाण्यात न विरघळणारं विष पानावर पोचवायलाही साबणाचाच भाऊबंद वापरतात, आणि घरी आल्यावर कपड्यावरून काढायलाही तोच.

तेल, पाणी आणि साबणद्रव्य यांचं प्रमाण नेमकं जमलं, तर तेलाचे भाग इतके बारीक होतात की मिश्रण दुधाळ न राहता नितळ होतं. ठेवून दिलं तरी फुटत नाही. त्याला मायक्रोइमल्शन म्हणतात. काही मायक्रोइमल्शनांत तर थेंबही नसतात. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी आठवा, आंघोळीला घेतो ती. तिच्यात धागाही सलग असतो आणि पोकळीही सलग. तसंच इथे पाण्याच्या वाटाही सलग आणि तेलाच्या वाटाही सलग, दोन्हींच्या मधल्या भिंतीवर साबणद्रव्य उभं. ही घोसाळ्याची जाळी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कुणी विचारेल, डोळ्याला न दिसणारी गोळी सापडली कशी? विजेमुळेच. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जेम्स विल्यम मॅकबेन नावाचे कॅनडात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ होते. १९१० च्या सुमारास त्यांनी आणि मिलिसेंट टेलर या बाईंनी साबणाच्या गरम पाण्यातून वीज किती वाहते ते मोजलं. साबण पामतेलात असतं त्या आम्लाचा, म्हणजे आपल्या वडीतल्यासारखाच. गंमत अशी झाली की पाण्यात सुटे कण किती आहेत हे दुसऱ्या रीतीने मोजलं तर ते फार कमी भरत, जणू साबणाचे गठ्ठे झाले आहेत. पण गठ्ठे झाले तर वीजही कमी वाहायला हवी. ती तर चांगली वाहत होती. मग गठ्ठाच विजेचा भार घेऊन फिरत असला पाहिजे! १९१३ साली मॅकबेन यांनी हे सांगितलं आणि गठ्ठ्याला मायसेल हे नाव दिलं. आजही नवीन साबणद्रव्याच्या गोळ्या कधी बनतात ते पाहायला विजेचा मीटर लावतात. द्रव्य टाकत जावं, काटा चढत जातो, आणि गोळ्या बनू लागल्या की चढ एकदम मंदावतो.

मिलिसेंट टेलर या मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत आणि ब्रिस्टलला येऊन संशोधन करत. त्या काळी लंडनच्या केमिकल सोसायटीत बायकांना सभासद करून घेत नसत. १९०४ साली एकोणीस बायकांनी अर्ज केला, त्यात टेलरबाईंची सही होती. दार उघडलं १९२० साली. सोळा वर्षं! ग्रामसभेत अर्ज देऊन वाट पाहणाऱ्या आपल्या बायांना हे नवीन वाटणार नाही. मॅकबेन यांच्या पत्नी मेरी एव्हलिन लेंग यासुद्धा साबणाच्याच अभ्यासक होत्या. आणि याच मॅकबेन यांचा आपल्या महाराष्ट्राशी संबंध आहे. पुण्याच्या पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ३ जानेवारी १९५० ला सुरू झाली, तिचे पहिले संचालक तेच. साबणगोळीचा माणूस म्हातारपणी पुण्यात येऊन राहिला होता, हे आम्हाला कळलं तेव्हा फार बरं वाटलं.

आता विषाकडे. डीडीटी, बीएचसी ही जुनी नावं. बीएचसीची पांढरी पावडर कणगीभोवती टाकलेली आपल्या सासवांना आठवत असेल. डीडीटीचा शेतीतला वापर आपल्या देशात १९८९ साली बंद झाला, बीएचसी १९९७ साली. यांच्या जवळचं तिसरं नाव पीसीबी. ते फवारणीचं नाही, विजेच्या यंत्रांतलं. ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल भरतात ते दोन कामांसाठी. आतली उष्णता बाहेर काढायची, आणि वीज नको तिथून वाहू द्यायची नाही. तेलातून वीज वाहत नाही, म्हणून तर तेल. पीसीबी पेट घेत नाही, म्हणून जगभर ते अशा यंत्रांत वापरलं गेलं. पुढे कळलं की ते माणसाच्या चरबीत साठतं आणि यकृताला त्रास देतं. ते कर्करोगालाही कारण होतं. आपल्या सरकारने २०१६ साली आदेश काढून पीसीबीचं उत्पादन आणि आयात बंद केली आणि जुन्या यंत्रांतला वापर थांबवायला २०२५ च्या डिसेंबरअखेरची मुदत दिली.

या तिन्हींचं एक साम्य आहे. अंगावर क्लोरीनचे अणू घट्ट बसलेले. या क्लोरीनमुळेच ती कुजत नाहीत, मातीतले जीव त्यांना पचवू शकत नाहीत. शिवाय तेलात विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाहीच. म्हणून ती मातीतून जनावरात, जनावरातून दुधातुपात, आणि शेवटी आपल्या चरबीत येऊन बसतात. आईच्या दुधातही डीडीटी सापडलेलं आहे. (हे ऐकून कुणीही बाळाला पाजणं थांबवू नका. आईच्या दुधाचा फायदा त्याहून फार मोठा आहे, डॉक्टरही पाजायलाच सांगतात.)

क्लोरीन काढून टाकलं की विषाचं विषपण बरंचसं जातं. ते काढायचं कसं? विजेने काढता येतं. सेलच्या वजा टोकाकडून इलेक्ट्रॉन नावाचे विजेचे कण बाहेर येतात. असा कण विषाला मिळाला की क्लोरीन त्याला घेऊन सुटतं आणि पाण्यात उतरतं. सुटलेलं क्लोरीन कसलं? आपल्या मिठात असतं तेच. त्याची रिकामी जागा हायड्रोजन घेतो. ऐकायला किती सोपं!

अडचण तुम्हीच ओळखाल. विष तेलात राहतं आणि तेलातून वीज वाहत नाही. वीज वाहते ती क्षार असलेल्या पाण्यातून, आणि पाण्यात विष विरघळत नाही. दोघांची गाठच पडत नाही. गाठ पाडायची तर महागडे आणि स्वतःच विषारी असलेले द्रव वापरावे लागतात. म्हणजे एक घाण काढायला दुसरी आणली.

इथे साबणद्रव्य मधे आलं. अमेरिकेत कनेक्टिकट विद्यापीठात जेम्स रस्लिंग आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरची कितीतरी वर्षं याच कामात घातली. त्यांनी नेहमीचा साबण घेतला नाही. आपल्या साबणाच्या डोक्यावर वजा भार असतो. त्यांनी अधिक भाराच्या डोक्याची द्रव्यं घेतली. जखम धुवायच्या औषधात सेट्रिमाइड असतं ते या जातीचं. असं का, ते पाहा. बॅटरीच्या वजा टोकाला जोडलेली पट्टी पाण्यात बुडवली की अधिक डोकी तिच्याकडे ओढली जातात आणि पट्टीवर साबणद्रव्याचा पातळ थर बसतो. पट्टीला जणू तेलकट अस्तर लागलं. मग तेलाच्या पोटातलं विष पट्टीच्या अगदी जवळ येऊ शकतं. वीज पाण्याच्या वाटेने आली, विष तेलाच्या वाटेने आलं, आणि दोघांची भेट पट्टीजवळ झाली. घोसाळ्याची जाळी लक्षात ठेवा म्हटलं होतं, ती इथे लागली. दोन्ही वाटा सलग असलेलं मायक्रोइमल्शनच त्यांनी यासाठी वापरलं. त्यातलं साबणद्रव्य दोन शेपट्यांचं होतं.

विषाला इलेक्ट्रॉन नेऊन द्यायला मध्यस्थही लागतो. थेट पट्टीवरून द्यायचा तर वीज जास्त जोराची लागते. काही प्रयोगांत त्यांनी मध्यस्थ म्हणून काय घेतलं असेल? विटामिन बी-१२! अशक्तपणाला डॉक्टर देतात तेच. त्याच्या मधोमध कोबाल्ट धातूचा एक अणू असतो. तो पट्टीकडून इलेक्ट्रॉन घेतो, विषाच्या कणाला देतो आणि परत घ्यायला येतो. जत्रेत पाणी वाटणारी पोरं रिकामी घागर घेऊन परत विहिरीवर जातात, तसं. पीसीबीसाठी मात्र त्यांनी जस्त असलेला एक निळा रंग घेतला. पट्टी शिशाची होती, त्यालाही कारण आहे. पाण्यात वीज सोडली की हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि वीज त्यातच खर्ची पडते. शिशावर ते सहजी निघत नाहीत, म्हणून वीज विषासाठी उरते.

पीसीबीवरचा हा प्रयोग त्यांनी १९९३ साली छापला. पुढच्या दोन वर्षांत डीडीटीवरचा आला, आणि मातीला चिकटलेल्या पीसीबीवरचाही. शेतकरी बाईला मातीचा प्रयोग सगळ्यात महत्त्वाचा वाटेल, कारण साबणद्रव्य इथे दोन कामं करतं. आधी मातीपासून विष सोडवतं, आणि मग त्याच भांड्यात ते विजेपुढे नेऊन ठेवतं. पीसीबीतलं क्लोरीन निघालं की शेवटी बायफिनाईल नावाचं द्रव्य उरतं. तेही खाण्यापिण्याची वस्तू नव्हे, पण मातीतले जीवाणू त्याला पचवू शकतात. पीसीबीचं तसं नव्हतं.

मग हे तालुक्यातालुक्याला का नाही? साबणगोळी सुट्या कणापेक्षा फार मोठी आणि जड. डोक्यावर भारा घेतलेली बाई बाजारातल्या गर्दीतून चालते, तशी ती सावकाश सरकते. पट्टीपर्यंत विष हळूहळू पोचतं, म्हणून काम सावकाश होतं. दोन शेपट्यांचं साबणद्रव्य महाग, ते गाळून परत वापरावं लागतं. आणि काम संपल्यावर ते स्वतःच पाण्यात राहिलं तर मासे मरतील. आमच्या मते ही पद्धत अजून बरणीत शोभणारी आहे, हौदात नाही. पीसीबी नष्ट करायची जगातली नेहमीची रीत अजूनही जाळण्याचीच आहे. तेही चुलीत किंवा वीटभट्टीत नाही, अकराशे अंशांच्या वर तापणाऱ्या खास भट्टीत. कमी आचेवर जाळलं तर पीसीबीपेक्षाही वाईट विषं तयार होतात. एवढ्यासाठी सांगतो, कुठलंही जुनं औषध किंवा तेल शेकोटीत टाकू नका.

आणि हा प्रयोग घरी करून पाहू नका. पोरांना सांगा विशेषतः. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की अधिकच्या टोकाला क्लोरीनचा वायू निघतो, छातीत गेला तर जिवावर बेततं. घरातल्या विजेच्या झटक्याचं तर बोलायलाच नको.

आता परत कपड्यांकडे. साबणाने विष मोडत नाही एवढं कळलं, म्हणजे धुण्याची जागा किती महत्त्वाची ते कळतं. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. बादली वेगळी, हातात रबरी मोजे, पाणी गरम आणि साबण सढळ. "ईसी" तेलकट असल्यामुळे गार पाण्यात नुसतं खळबळून ते निघत नाही. वाळत घालायचे ते उन्हात. धुण्याचं पाणी ओढ्यात, विहिरीजवळ किंवा जनावरांच्या हौदाच्या वाटेला जाऊ देऊ नका. पंप आणि डबा तीनदा विसळायचा आणि ते विसळलेलं पाणी त्याच पिकावर फवारून टाकायचं. ओढ्यावर पंप धुणारा माणूस दिसला तर त्याला हटकायला लाजू नका, खालच्या अंगाला पाणी भरणारी बाई आपलीच असते. पोटात बाळ असलेल्या किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईकडे हे कपडे धुवायला देऊ नयेत. ते ज्याने फवारणी केली त्यानेच धुवावेत असं आमचं स्पष्ट मत आहे. यावर घराघरात वाद होतील, होऊ द्या.

राहिलं डीपीचं तेल. गुडघेदुखीवर डीपीचं तेल चोळतात असं आपण बऱ्याचदा ऐकतो. प्रत्येक डीपीत पीसीबी असतं असं मुळीच नाही, बहुतेकींत साधं खनिज तेल असतं. पण एकाच पंपाने आणि एकाच टाकीतून बऱ्याच ट्रान्सफॉर्मरांत तेल भरलं गेलं, तर जुन्यातलं नव्यात मिसळू शकतं. डोळ्याने किंवा वासाने ते ओळखता येत नाही, प्रयोगशाळेतच कळतं. चोळल्याने ते कातडीतून आत जातं आणि चरबीत मुक्काम करतं. आंघोळीचा साबण वरचं तेल काढील, आत गेलेल्याला त्याचा हात पोचत नाही. म्हणून ते चोळायला नको, दिव्यात नको, गाडीच्या आसाला नको. डीपीखाली तेल गळताना दिसलं तर त्या जागी जनावरं बांधू नका, पोरांना खेळू देऊ नका, आणि वायरमनला किंवा वीज कंपनीच्या कार्यालयाला कळवून ग्रामपंचायतीत त्याची लेखी नोंद करून ठेवा.